घरात दोनच ठेवायच्या तर तुमची आवडती बंदूक कोणती आणि का?

रानवाट
नमस्कार मंडळी. बाबांच्या परवान्यावर दोन हत्यारं होती, एक १२ बोअरची दुनाळी आणि एक इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल. बाबा गेले, मग नियमाप्रमाणे दोन्ही पोलीस स्टेशनला जमा केली, पावती घेतली. आता वारस म्हणून ती माझ्या नावावर घ्यायची तर माझ्याकडं आधीपासून .३२ रिव्हॉल्व्हर आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडं दोनच ठेवता येतात, आधी तीन चालायची. म्हणजे तिनातली एक सोडायला लागणार. कागदपत्रांचं वकील बघतायत, ते इथं नको. मला एवढंच ऐकायचंय की तुमच्याकडं जे आहे किंवा तुम्ही जे वापरलंय त्यातलं सगळ्यात आवडतं कुठलं आणि का. नुसतं नाव टाकू नका, कारण लिहा, त्यावरून मला माझं ठरवता येईल. आमचं शेत राधानगरी तालुक्यात, ऊस आणि थोडा भात, वरच्या अंगाला जंगल लागून. रानडुकरं कायमची, गवा अधूनमधून. मी राहतो कोल्हापुरात.

सातारचा_फौजी
आधी तुमच्या वडिलांना श्रद्धांजली.
नोकरीत माझ्या हातात सगळ्यात जास्त राहिली ती ७.६२ ची एसएलआर, तीपण इशापूरचीच बनावट, वीस राऊंडचं मॅगझिन. पुढं ५.५६ ची इन्सास आली, हलकी होती, चालायला सोपी, पण एसएलआर खांद्याला लागली की माणूस आपोआप नीट उभा राहतो आणि एक एक गोळी विचार करून मारतो, म्हणून ती मनात बसलीय. पण ती सरकारची. घरच्या हत्यारांत विचाराल तर माझी निवड दुनाळी, आणि कारण सांगतो.
रिटायर झाल्यावर मी स्वतःच्या परवान्याची दुनाळी घेऊन बँकेत गार्डची नोकरी केली. दुनाळी म्हणजे खरं तर दोन बंदुका एका दस्त्यावर. दोन नळ्या, दोन चाप, आत दोन वेगळे लॉक. एका बाजूची पिन मोडली, स्प्रिंग गेली तरी दुसरी बाजू बार काढते. मॅगझिन नाही, अडकायला काही नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ती मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, हातावर घेतली की दहा फुटावरच्या माणसालापण दिसतं की रिकामी आहे. रायफल, पिस्तूल रिकामं आहे हे हातात धरणाऱ्यालाच माहीत. बँकेत बाया, म्हातारी माणसं, पोरं रांगेत उभी असतात, तिथं हा गुण मला सगळ्यांत वरचा वाटतो. नवीन गार्ड पोरांना मी पहिली गोष्ट हीच शिकवायचो, बंदूक कोणाच्या हातात देताना मोडून द्यायची आणि घेणाऱ्यानंपण दोन्ही नळ्यांत बघूनच घ्यायची, मग देणारा सख्खा भाऊ का असेना.

डेक्कनकर
.३२. विषय संपला.

रानवाट
@डेक्कनकर कारण पण लिहा ना दादा, त्यासाठीच धागा काढलाय. तेच तर माझ्याकडं आहे आणि तेच सोडायला सांगतायत घरातले.

डेक्कनकर
बरं लिहितो सविस्तर. आमचा व्यवसाय असा आहे की रोकड आणि माल घेऊन रात्री-अपरात्री गाडीतून यावं लागतं, त्यामुळे परवाना स्वसंरक्षणाचा. कानपूरची .३२ आहे, सहा गोळ्यांची, वरून मान मोडून उघडते ती जुन्या वेब्ली धाटणीची. लोक म्हणतात .३२ मध्ये दम नाही. मान्य, हे काडतूसच १८९६ च्या सुमाराचं, मवाळ आहे. पण मवाळ आहे म्हणूनच धक्का कमी, हात उचलत नाही, दुसरी गोळी पहिलीच्या जवळ जाते. हेच .३२ लाँगचं काडतूस, चपट्या तोंडाच्या गोळीचं, २५ मीटर सेंटर फायरच्या स्पर्धांत जगभरचे नेमबाज वापरतात, मग त्याला कमी कसं म्हणायचं.
२०१४ मध्ये निर्भीक रिव्हॉल्व्हर आली तेव्हा मी बघायला गेलो होतो, बायकांच्या पर्समध्ये मावेल अशी म्हणून काढलेली, ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा १,२२,३६०. सुंदर काम आहे. तरी मी माझी जुनीच ठेवली कारण रिव्हॉल्व्हरला थोडं वजन हवं, वजनच धक्का खातं. २०२३ ला प्रबल आली, तिचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं, ती मात्र मनात भरलीये.
रिव्हॉल्व्हर का आणि पिस्तूल का नाही, तर काडतूस फुटलं नाही तर पिस्तुलाला दोन हातांनी स्लाइड ओढावी लागते, रिव्हॉल्व्हरला पुन्हा चाप दाबला की चक्र फिरतं आणि पुढचं काडतूस समोर. भेदरलेल्या माणसाला एवढंच जमतं. माझ्यासाठी विषय इथंच संपतो.

मांडवी_काठ
पण डेक्कनकर, शेतावर .३२ चा काय उपयोग? ते शेतकरी आहेत. तुमचं पुण्यातलं गणित तिकडं लागू नाही.

डेक्कनकर
त्यांनी आवड विचारली, मी माझी सांगितली. आणि ते स्वतः शहरात राहतात हे पण वाचा.

१०मीटर_वाली
माझं हत्यार तुमच्या यादीत बसत नाही पण लिहितेच. माझी आवडती ४.५ मिलिमीटरची एअर रायफल. ४.५ पर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल असेल तर शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळं शाळेतल्या पोरी पण सुरू करू शकतात. मी तशीच सुरू केली, दुधाळीच्या रेंजवर, क्लबची देशी बनावटीची रायफल घेऊन, नंतर घरच्यांनी पैसे जमवून जर्मन घेतली.
लोकांना वाटतं एअर रायफल म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची. १० मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो, दुर्बीण नसते, बारीक भोकातून बघायचं, रायफल साडेपाच किलोपर्यंत आणि उभं राहून साठ शॉट. ह्यात धक्का नाही, आवाज नाही, म्हणून दोष द्यायला काहीच नसतं. श्वास वर राहिला, ढोपर हललं, चाप ओढताना बोट तिरकं गेलं, सगळं स्क्रीनवर दिसतं.
मला ती का आवडते ह्याचं खरं कारण म्हणजे ती माझ्या अंगाच्या मापाची केलेली आहे. गालाची फळी वर-खाली होते, दस्त्याची पाठ मागेपुढे होते, चाप सरकवता येतो. तीच रायफल माझ्या क्लबमधल्या उंच मुलाला दिली तर त्याला डोळा पण नीट लावता येत नाही. रानवाट दादा, म्हणून मी म्हणेन तिन्ही हत्यारं हातात घ्या, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग डोळे उघडून बघा माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा नेमाचा दाणा, कुठं आहे. जी सरळ समोर येते ती तुमची. बाबांना बसायची ती तुम्हाला बसेलच असं नाही.
आणि तुम्ही राधानगरीचे म्हणून आवर्जून सांगते, स्वप्नील कुसाळे तुमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ करून ब्राँझ, ह्या प्रकारात भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही पोझिशनला रायफल तीच पण प्रत्येक वेळी तिची बसवणी बदलायची. आमच्या रेंजवर त्या दिवशी सगळे उभे राहून टीव्ही बघत होते. नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत पण कोल्हापूरच्याच. ह्या जिल्ह्यात बंदूक म्हटलं की पोरींना आता पहिली ह्यांचीच नावं आठवतात आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

सातारचा_फौजी
ताई, डोळे मिटून खांद्याला लावायची रीत एकदम बरोबर. आम्हालापण उस्तादनं तशीच शिकवली होती.

आंबोलीचा_पाऊस
आमच्याकडे ठासणीची असा. आजोबांच्या नावार होती, मगे बाबांच्या, आता माझ्या. शेतीसंरक्षणाचो परवानो. (बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.)
काजू आणि आंबा, वानरं आणि डुकरं दोन्ही. ठासणीचं काम सगळं हातानं. काळी दारू मोजून नळीत ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजानं ठासायचा, मग छरे, परत बोळा, मग निपलवर ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. एवढं केल्यावर एक बार. पावसाळ्यात दारूला दमट लागली की नुसता फुस्स आवाज येतो, म्हणून आई दारूची डबी चुलीपासून लांब पण कोरड्या फडताळात कुलपात ठेवायची. आणि बार काढला की त्याच दिवशी कढत पाण्यानं नळी धुवायची, काळ्या दारूची राख ओल धरते आणि आमच्या हवेत रात्रीतून गंज.
एवढी कटकट असून आवडती का? कारण ही बंदूक उतावीळपणा करू देत नाही. एकच बार आहे आणि पुन्हा भरायला वेळ जाणार हे माहीत असलं की माणूस पहिल्या आवाजाला उडवत नाही, नीट बघतो, समोर शेजाऱ्याची म्हैस आहे का, कोणी माणूस राखणीला बसलाय का. आमच्या भागात अंधारात काजूच्या बागेत डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या घटना झाल्यात, ते ऐकून पोटात गोळा येतो. आणि खरं सांगायचं तर आमचा बार वर आकाशातच जातो. त्या काळ्या दारूचा आवाज डोंगरात घुमत जातो तेवढ्यानं कळप पळतो. आम्हाला तेवढंच पायजे.

पन्हाळा_पायथा
सगळे दुनाळी दुनाळी करताय, .३१५ च्या बाजूनं कोणीच नाही म्हणून मी लिहितो.
ही रायफल का जन्माला आली ते बघा. इंग्रजांनी .३०३ लष्कराची म्हणून सामान्य माणसाला बंद केली, आजही ती प्रतिबंधित बोअरमध्येच येते, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाही. मग नागरिकांसाठी हे .३१५ चं काडतूस चाललं आणि इशापूरनं इंग्रजांच्या लष्करी ली-एनफिल्डच्याच ॲक्शनवर, म्हणजे काडतूस भरायच्या-काढायच्या यंत्रणेवर, रायफल केली. म्हणजे जी ॲक्शन दोन महायुद्धांत चालली ती आपल्या हातात येते, परवान्यावर, कायद्यात. बोल्ट मागं ओढताना जी घसरण आहे, तेल लावलेली असेल तर दोन बोटांनी ओढता येते. पाच गोळ्यांचं मॅगझिन. माझ्या काकांकडं आहे, रेंजवर शंभर मीटरला कागदावर तिच्या गोळ्या जवळजवळ पडताना बघितल्या की दुनाळीचं नावच नको वाटतं. दुनाळीला नेम कसला, ती नुसती पसरते.
रानवाट, ही एकदा हातातून गेली की परत तशी मिळणार नाही. जुन्या लाकडाची असेल तर मुळीच सोडू नका.

सातारचा_फौजी
रायफलीला नावं ठेवत नाही भाऊ, जन्म तिच्याबरोबर गेला. पण उसाच्या शेतात .३१५? ती गोळी एक किलोमीटरच्या पुढं जाते. रानडुक्कर जमिनीलगत पळतं, मागं काय आहे दिसत नाही, पलीकडं वस्ती, ट्रॅक्टर, ऊसतोडीच्या खोप्या. छरे काही अंतरावर जाऊन पडतात, रायफलीची गोळी पडत नाही. मागं डोंगराची भिंत असेल तरच रायफल चालवायची, नाहीतर हात लावायचा नाही. हे मी कितीही वेळा सांगेन.

पन्हाळा_पायथा
हे मान्य. मी शेतात वापरा म्हटलं नाही, आवडती का ते सांगितलं. रेंजवर वापरा.

गगनबावडा_गाडी
गवा आला तर? गव्याला छरे काय करणार, तिथं रायफलच लागेल ना

आंबोलीचा_पाऊस
गवा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला प्राणी आहे, त्याच्यावर बंदूक रोखायचीच नाही, छऱ्याची पण नाही. वनविभागाला फोन, नुकसानीचा पंचनामा, अर्ज. वेळ लागतो, पैसे कमी येतात, तरी तोच रस्ता. डुकराचंपण परवानगीशिवाय काही करता येत नाही. नवीन पोरं हे विचारतात म्हणून स्पष्ट लिहिलं.

ह्यूस्टनकर
टेक्सासवरून लिहितोय, मूळ गाव कऱ्हाड. इथं धाग्याचा हाच विषय कोणत्याही दुकानात निघतो आणि बहुतेक लोक ग्लॉक १९ पिस्तूल किंवा रेमिंग्टन ८७० शॉटगन सांगतात. माझी आवडती रूगर १०/२२. १९६४ पासून बनतेय, .२२ ची, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन जे दस्त्याच्या आतच बसतं, बाहेर काही लोंबत नाही.
कारण सांगतो. मी आलो तेव्हा वर्क व्हिसावर होतो. त्या व्हिसावर शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद सोडले तर बंदूक बाळगणं हा इथं केंद्राचा गुन्हा आहे, हे आपल्या पोरांना माहीत नसतं, मित्राबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकतात, म्हणून लिहितोय. ग्रीन कार्ड आल्यावर फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि पहिली घेतली ती ही. माझी मुलगी हिच्यावरच शिकली. .२२ ला धक्का नाही, गोळी स्वस्त आहे, त्यामुळं दुपारभर सराव होतो आणि माणूस सरावानंच शिकतो. मोठ्या कॅलिबरच्या रायफलीनं सुरुवात केलेली पोरं चाप ओढताना डोळे मिटायला शिकतात आणि ती सवय मग जात नाही.
आमच्याकडं गावी काकांची एकनळी बंदूक होती, ती निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला जमा व्हायची आणि निकालानंतर काका स्वतः जाऊन आणायचे. इथल्या लोकांना हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. मला मात्र आपली ती पद्धत चुकीची वाटत नाही. इथं ज्या सहजतेनं सगळं मिळतं ते बघून, आणि मुलीच्या शाळेत पोरांना दार बंद करून शांत बसायचा सराव करून घेतात ते बघून, माझी तिजोरी आधी आली आणि रायफल नंतर.

१०मीटर_वाली
@ह्यूस्टनकर .२२ बद्दल शंभर टक्के सहमत. एनसीसीमध्ये पण आम्हाला .२२ च दिली होती आणि पहिल्याच दिवशी भीती गेली.

नळी_दस्ता
उशिरा बघितला धागा. आमच्याकडं बंदूक दुरुस्तीचं काम आजोबांपासून, परवान्याचं दुकान. आमच्या टेबलावरून सगळंच जातं त्यामुळं माझी आवड जरा वेगळी आहे, मला ग्रीनरची जीपी सगळ्यात आवडते. एक नळी, १२ बोअर, खाली लिव्हर, मार्टिनी ॲक्शन. लिव्हर खाली केली की ब्लॉक पडतो, काडतूस बाहेर, नवीन घातलं, लिव्हर वर, झालं. आत मोजके भाग आणि प्रत्येक भाग असा जाड की जणू नांगराचा फाळ. जुन्या संस्थानांच्या भागात, शेतकऱ्यांकडं, चौकीदारांकडं ही बंदूक इतकी होती की आजही दुरुस्तीला येते, आणि बहुतेक वेळा नुसती साफ करून परत देतो.
आता रानवाट साहेबांच्या दुनाळीबद्दल. ती नावावर करायच्या आधी आणि नक्की वापरायच्या आधी ह्या गोष्टी बघून घ्या, मी तळमळीनं सांगतोय कारण वारसानं आलेल्या बंदुका लोक तशाच भरतात.
नळ्या दस्त्यापासून सुट्या करा. पुढचा लाकडाचा तुकडा काढला की निघतात. खालच्या हुकाला दोरी बांधून नळ्या लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेरानं टकटक करा. घंटेसारखा लांब आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी नीट जोडलेली आहे. बद्द आवाज आला तर कुठंतरी सांधा सुटलाय. मग उजेडाकडं धरून आतून बघा, आत गोल कड्या दिसतात त्या तुटक दिसल्या तर तिथं पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजानं खाल्लेलं. परत जोडून, बंद करून, हलवून बघा, बिजागरीत खुळखुळ नको.
सगळ्यात महत्त्वाचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा. जुन्या इंग्रजी दुनाळ्यांचं चेंबर अडीच इंची असतं आणि पावणेतीन इंची काडतूस त्यात बसतं, बंदूक बंद पण होते, कारण काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. फुटल्यावर ते तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. म्हणून नळीच्या खाली काय कोरलंय ते वाचा, नसेल तर कारागिराकडून मोजून घ्या. आणि नळीवर लाटालाटांची नक्षी दिसली तर ती दमास्कस, लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं काडतूस घालायचं नाही. दिसायला तिच्याइतकं देखणं काम दुसरं नाही, भिंतीवर शोभते.
तुमची कुठली बनावट आहे?

रानवाट
@नळी_दस्ता फार उपयोगी लिहिलंत. दुनाळी वेब्ली स्कॉटची, आजोबांच्या काळातली, नक्षी वगैरे नाही, नळ्या काळ्या. पुढचा चाप दाबला की उजवी, मागचा दाबला की डावी. बाबा नेहमी उजवीत बारीक छरे आणि डावीत एल.जी., म्हणजे मोठे छरे, भरायचे. काडतूस आपल्या खडकीचं शक्तिमान, लाल खोका.

नळी_दस्ता
बरोबर भरायचे ते. उजवी नळी तोंडाशी मोकळी असते, छरे लवकर पसरतात, जवळच्यासाठी. डावीला तोंडाशी आवळलेलं असतं, छरे लांबपर्यंत एकत्र राहतात. पन्हाळा भाऊ म्हणाले दुनाळी नुसती पसरते, तर ती पसरणं किती आणि कुठं हे ठरवण्यातच तर कारागिरी आहे. एकाच खांद्यावर दोन अंतरांची सोय, आणि निवड करायला एक बोट मागं-पुढं करायचं. असं दुसऱ्या कुठल्या हत्यारात नाही.
जुनी बनावट आहे म्हणजे चेंबर मोजूनच घ्या. आणि रिकामी असताना चाप ओढून बघायची सवय घरात कोणाला असेल तर थांबवा, पिना तुटतात. डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस मिळतं ते वापरा. बाहेरून नवीन हत्यारं आणणं सामान्य परवानाधारकाला कित्येक वर्षं बंद आहे, त्यामुळं ह्या जुन्या विलायती बंदुका जेवढ्या आहेत तेवढ्याच. किंमत सोडा, त्या नीट राहिल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठ
एक विचारू का? आमच्याकडं लग्नात वरातीपुढं बार काढायची पद्धत होती, सासरे दुनाळी त्यासाठीच आवडती म्हणतात. आता चालतं का ते?

सातारचा_फौजी
अजिबात नाही ताई. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत लग्नात, मिरवणुकीत, देवळात आनंदानं गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं स्पष्ट घातलंय. सासऱ्यांना प्रेमानं सांगा. खंडेनवमीला हळदकुंकू वाहा, झेंडूचा हार घाला, तिचा मान तेवढाच.

रानवाट
खंडेनवमीचा विषय निघाला म्हणून सांगतो. बाबा दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही हत्यारं बाहेर काढायचे. दुनाळी आईकडं पुसायला द्यायचे पण .३१५ ला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. बोल्ट काढून, पांढऱ्या फडक्यावर ठेवून, तेल लावून, परत बसवून. शेतात त्यांनी ती कधी नेली नाही, आता फौजी काकांचं वाचल्यावर कळलं का नेली नाही. आवडती कुठली असं त्यांना विचारलं असतं तर नक्की .३१५ म्हणाले असते. माझं मन तिकडंच ओढतंय आणि डोकं दुनाळीकडं. घरातले म्हणतात .३२ सोड, पण वसुलीच्या कामासाठी मला फिरावं लागतं, डेक्कनकर म्हणतात ती परिस्थिती माझीपण आहे.

१०मीटर_वाली
दादा, वारस तुम्ही एकटेच आहात का? दोनची मर्यादा माणशी आहे. बहीण, भाऊ, आई कोणी पात्र असेल तर एक हत्यार त्यांच्या नावानं अर्ज करून मागता येतं, बाकी वारसांची ना हरकत लागते आणि नवीन परवान्याला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. वकिलांना विचारा.

डेक्कनकर
हे बरोबर बोललात. आमच्या ओळखीत आईच्या नावावर असंच झालंय.

रानवाट
मोठी बहीण आहे, गारगोटीला दिलीये. शेताचं सगळं आता खरं तर तीच बघते, आठवड्यातून दोन-तीनदा जाते, मी महिन्यातून एकदा. एनसीसीला होती. माझ्या डोक्यातच आलं नाही. आज रात्री फोन करतो.

पन्हाळा_पायथा
ताईंना .३१५ द्या आणि तुम्ही दुनाळी ठेवा, किंवा उलटं, पण तिन्ही घरात राहू देत. वाचून बरं वाटलं.

सातारचा_फौजी
जी शेतावर जाणार तिच्याकडं दुनाळी. ह्यात दुसरा विचार नको.

रानवाट
बहिणीशी बोललो. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, दुनाळी मला दे. बाबांनी तिला लग्नाआधी वरच्या बांधावर त्याच दुनाळीनं उजव्या नळीचा बार काढायला शिकवलं होतं, मला हे माहीतच नव्हतं, मी तेव्हा हॉस्टेलला होतो. ती म्हणाली दस्ता तिच्या खांद्याला बरोबर बसतो, तुला तो आखूड पडेल. १०मीटर ताई, तुम्ही म्हणाला होता तसंच. म्हणजे दुनाळीसाठी ती अर्ज करणार, मी .३१५ साठी, .३२ माझ्याकडं आहेच. आईची ना हरकत मिळाली.
माझी आवडती .३१५, कारण बाबांची होती आणि कारण मला ती रेंजवर शिकायचीये, शेतात न्यायची नाहीये. पन्हाळा भाऊ, तुमच्या काकांची कुठल्या रेंजवर चालवतात तेवढं निरोपातून कळवा.
नळी_दस्ता साहेब, दुनाळी हातात आली की बहीण स्वतः तुमच्याकडं घेऊन येईल, चेंबर मोजायला आणि सांधा बघायला. डमी काडतुसाच्या दोन जोड्या काढून ठेवा, एक तिच्यासाठी, एक भाचीला शिकवायला.

नळी_दस्ता
ठेवतो. येताना परवान्याची मूळ प्रत आणि जमा केल्याची पावती दोन्ही आणायला सांगा, झेरॉक्सवर मी हत्यार आत घेत नाही.